बऱ्या झालेल्या माणसासाठी प्रार्थना

रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब चष्मा कपाळावर सरकवून "कोणाची काही विनंती?" असं विचारायचे, तेव्हा सगळ्या मंडळीच्या माना आधी खिडकीकडच्या बाकाकडे वळायच्या. तिथून भिंगरी उठणार हे ठरलेलं होतं. ती उठायची, हातातली पिशवी बाकावर ठेवायची, परत उचलायची, आणि म्हणायची, "माझ्या नवऱ्याच्या छातीसाठी प्रार्थना करा." मग बसायची. बसायची म्हणजे बाकाच्या कडेला कशीबशी टेकायची, पुढच्याच मिनिटाला कुठेतरी आग विझवायला जायचं असल्यासारखी. भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे, पण पायाला भिंगरी लावल्यागत वावरणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार?

आता ज्याच्या छातीसाठी ही विनंती असायची, तो गृहस्थ तिच्या शेजारीच बसलेला असायचा. ताडमाड उंच, मनगटं अशी की घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात जेमतेम बसावा. पाळकसाहेब डोळे मिटून दुखण्याने खचलेल्या या बंधूला उठव म्हणून कळवळून मागायचे, आणि बंधू जांभई दाबत बुटाच्या टोकाकडे बघत बसायचा. उपासनेनंतर बाक भिंतीला लावायचे असत. हा एखाद्या बाकाला हात घालायचा अवकाश, मंडळीतले दोन म्हातारे धावत येत. "अरे, अरे! तू नको! तुझी छाती!" म्हणत बाक हिसकावून घेत, आणि चार पावलांवर जाऊन स्वतःच धापा टाकत उभे राहत. तो बिचारा मोकळे हात लोंबकळत ठेवून त्यांच्याकडे बघत बसे. धडधाकट माणसाचं एवढं हसं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

छातीचं दुखणं खोटं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ते आलं तेव्हा चांगलंच मुक्कामाला आलं. तो लिफ्टचा मेकॅनिक. लिफ्ट ज्या उभ्या विहिरीतून वरखाली जाते, तिला ते लोक शाफ्ट म्हणतात. त्या शाफ्टमध्ये, दोरांच्या जंगलात, ग्रीस आणि धुळीत त्याचं आयुष्य गेलेलं. एकदा भिजून आला, तापला, आणि फुप्फुसात पाणी झालं म्हणून हॉस्पिटलात भरती झाला तो महिनोन्महिने तिथेच. बरगड्यांमध्ये नळी, नाकाला ऑक्सिजन, आणि डॉक्टरांचं रोजचं एकच वाक्य, बघू या.

भिंगरी त्याच हॉस्पिटलच्या तळघरात कामाला होती. धुलाईखात्यात. गरम चादरी यंत्रातून बाहेर पडल्या की दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, चालत एकमेकींजवळ यायचं आणि टोकाला टोक लावायचं. तिच्या समोरचं टोक धरायला तिची नणंद होती, तिनेच तिला तिथे चिकटवलेलं. तर दिवसभर खाली चादरींच्या घड्या घालायच्या आणि पाळी संपली की वर जाऊन नवऱ्याच्या खाटेशी बसायचं.

आणि ती खरंच बसायची! लोकांना याचंच नवल वाटायचं. जन्मात जिने चहासुद्धा उभ्याने प्यायला, ती बाई एका लोखंडी स्टुलावर मांडीवर हात ठेवून तासन्‌तास बसलेली असायची. चेहऱ्यावर ना घाबरेपणा ना रडगाणं. एकदा डॉक्टरांनी आशा जवळजवळ सोडलीच, तेव्हा पाळकसाहेब धीर द्यायला म्हणून गेले. दारातच त्यांचे डोळे भरून आले. हिने उठून त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, "बसा. तो आहे ना, मग झालं." तो म्हणजे देव. त्या काळात तिच्या तोंडी हे एकच पालुपद होतं. सकाळी तिची प्रार्थनाही तेवढीच असायची. तू आहेस ना, मग झालं. बास. जे व्हायचं ते त्याच्या हातात दिलं आणि ही मोकळी. पाळकसाहेब त्या दिवशी धीर देऊन नव्हे, घेऊन परत गेले, असं ते स्वतःच सांगत.

मग तो बरा झाला.

पाणी आटलं, नळी निघाली, भूक लागली. घरी आला, जिना चढला, हळूहळू शेजाऱ्यांची कपाटं सरकवायला लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून सांगितलं, छाती स्वच्छ आहे, जा, काम करा, आम्हाला तोंड दाखवू नका. नणंदेने तिथेच भावाला मिठी मारली. आणि भिंगरीच्या पोटात त्या क्षणी जो गोळा आला तो आजतागायत विरघळला नव्हता.

नवरा खोकला की हिचा हात थांबायचा. नाही खोकला तरी थांबायचा, की हा खोकत का नाही, दाबून तर धरत नाही ना? दुपारी तो लवंडला की हळूच पाठीवर हात ठेवून श्वास बघायची. खिडकी उघडी असली की बंद करायची आणि बंद असली की हवा हवी म्हणून उघडायची. मफलरचा तर त्याने धसकाच घेतला होता. आणि दर रविवारी उठून तीच विनंती. तिचा हिशेब साधा होता. आपण मागितलं, देवाने दिलं. मागणं थांबवलं, तर देव म्हणेल, या बाईचं काम झालं, आणि वळेल दुसऱ्याकडे, रांग काय थोडी आहे? आभार मानायचे म्हणजे तर पावती फाडून देण्यासारखं. व्यवहार संपला, दार लोटलं. म्हणून ती बाई दाराच्या फटीत पाय अडकवून उभी होती. वाईट दिवसांत जिने सगळं देवावर सोडलं, तिला चांगल्या दिवसांत देवावर नजर ठेवावीशी वाटत होती. मंडळीत हे कळत सगळ्यांना होतं, पण प्रार्थना नको असं म्हणायचं कोणी? ते तोंडातून निघत नाही हो माणसाच्या.

हे असंच चालायचं तसं चाललं असतं. पण लिफ्टच्या कारखान्याचा फोरमन याच मंडळीत, अगदी पहिल्या बाकावर बसत होता.

दुखण्यानंतर मेकॅनिकला परत घेतलं ते सुट्या भागांच्या खिडकीवर. दिवसभर जाळीमागे बसायचं, कोणी नट मागितला की नट द्यायचा, वॉशर मागितला की वॉशर. शाफ्टच्या टोकाशी उभं राहून नुसत्या आवाजावरून दोराचं दुखणं ओळखणारा माणूस तिथे बसून कुजत चालला होता. अशात एक जुना मेकॅनिक काम सोडून मुलाकडे राहायला निघाला. जागा रिकामी झाली. हा डॉक्टरांचा दाखला घेऊन फोरमनपुढे उभा राहिला.

फोरमनने दाखला वाचला, घडी घातली आणि परत दिला. "मी तुला वर कसा पाठवू?"

"दाखल्यात लिहिलंय ना साहेब, ठणठणीत."

"डॉक्टर काय, लिहितात. पण तुझी बायको दर रविवारी देवासमोर उभी राहून तुझी छाती वाईट आहे म्हणून सांगते. ती काय देवाशी खोटं बोलेल? उद्या तू वर घेरी येऊन पडलास तर मी कुठल्या तोंडाने प्रार्थनेला बसू? मी स्वतः आमेन म्हणतो त्या प्रार्थनेला!"

मेकॅनिक घरी आला, डबा ओट्यावर ठेवला आणि भिंगरी त्याच्या कपाळाला हात लावायला आली तेव्हा त्याने तो हात बाजूला केला. लग्नानंतर असं पहिल्यांदाच झालं असावं.

"अगं, तू देवाला सांगतेस ते फोरमन ऐकतो," तो म्हणाला. मग सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, तेच वाईट. "सोमवारी तो जागेचं ठरवणार आहे. या रविवारी उठून सांग मी बरा झालो म्हणून. नाहीतर मी त्या खिडकीत बसूनच म्हातारा होणार."

"अहो, पण खिडकीत काय वाईट आहे? सावली आहे, पंखा आहे..."

"मी हॉस्पिटलात मेलो नाही ना? मग मला मेल्यासारखं का ठेवतेस?"

ती उठली, धुतलेली भांडी पुन्हा धुतली, ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला. तो जेवून झोपूनही गेला, ही आपली फडकं पिळतेच आहे.

दुसऱ्या दिवशी तळघरात चादरींच्या घड्या घालताना काहीतरी बिनसलंय हे नणंदेला कळायला वेळ लागला नाही. भिंगरी चादर अशी झटकत होती की समोरचं टोक दोनदा तिच्या हातून सुटलं.

"वहिनी, चादर आहे ती, साप नाही," नणंद म्हणाली. "दादा काही बोलला का?"

भिंगरीने सांगितलं. वाटलं, नणंद आपली बाजू घेईल. पण नणंद कसली वस्ताद! टोकाला टोक लावताना अगदी जवळ आली आणि म्हणाली, "मंडळीच्या गायनवर्गात पुरुषांचा खालचा सूर धरायला कोणी नाही. दादाला विचारलं तर म्हणतो, तुझ्या वहिनीला विचार. माझ्या भावाचा आवाज तुम्ही मफलरात बांधून ठेवलाय."

"तुमचं काय जातंय बोलायला! परत काही झालं तर?"

"झालं तर झालं. तेव्हा परत मागू. देव काय तेवढ्यात गाव सोडून जाणार आहे का?"

भिंगरीच्या अंगाचा तिळपापड झाला. उरलेला दिवस दोघी घड्या घालत राहिल्या, आणि मधून मधून नणंद मुद्दाम खालच्या सुरात गुणगुणत राहिली.

पाळी संपल्यावर ती घरी न जाता तडक प्रार्थनामंदिरात गेली. पाळकसाहेब शिडीवर चढून पंख्याची पाती पुसत होते. हिने न सांगता शिडी धरली, मग सोडून बाकावरची गाण्याची पुस्तकं रचायला घेतली, मग परत शिडी धरली.

"बाई, एक काय ते धरा," पाळकसाहेब वरून म्हणाले. "मला खाली सगळं दिसतंय आणि भीती वाटतेय."

तिने आपली तोड मांडली. वाटेत जुळवून आणली होती. "रविवारी मी मोठ्याने आभार मानते. पण विनंती तुम्ही चालू ठेवा. घरी. मनातल्या मनात. कोणाला कळायला नको."

"म्हणजे फोरमनसाठी एक आणि देवासाठी एक?"

पाळकसाहेब खाली उतरले, काळं फडकं झटकलं आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवरच बसले.

"आभार मानले की तो दिलेलं परत घेईल, असं वाटतं तुम्हाला?"

"घेणार नाही, असं सांगा मग."

"ते कसं सांगू? हमी द्यायला मी कोण? मेकॅनिक परत आजारी पडेलही. मीही पडेन, आत्ताच पडलो असतो. आभार मानले म्हणजे पुढचं सगळं लिहून मिळत नाही."

"मग आभारांचा उपयोग काय?" ती फटकन बोलून गेली.

"हे तुम्ही मला विचारता?" ते हसले, पण डोळे हसले नाहीत. "त्या खाटेशी बसून मला शिकवलंत तुम्ही. तो आहे ना, मग झालं. तेव्हा तर तुमच्या हातात काहीच नव्हतं."

"काहीच नव्हतं म्हणूनच!" भिंगरीचा आवाज फुटला. "जायचं ते गेल्यातच जमा होतं. मग कशाला भ्यायचं? आता माणूस घरात आहे. सकाळी दाढी करताना गातो. चपला दारात असतात त्याच्या. एवढं सगळं आहे, पाळकसाहेब. जाईल तर किती जाईल! मला नाही झेपत हे. मला वाईट दिवस बरे होते."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच भयंकर वाटलं. तोंडावर हात ठेवून ती उभी राहिली. पाळकसाहेब रागावले नाहीत. त्यांनी फडक्याची घडी घातली.

"बायबलातल्या, तुरुंगातून पत्रं लिहिणाऱ्या त्या प्रेषितालाही दोन्ही शिकावं लागलं होतं," ते म्हणाले. "रिकाम्या हाताने राहणं आणि भरल्या हाताने राहणं. तुम्हाला एक येतं. दुसरं अजून यायचंय, एवढंच. पण हे आत्ता मला जे सांगितलंत ना, ते मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांगा. रविवारी जमलं तर रविवारी."

त्या आठवड्यात तिने घरातली सगळी कपाटं उपसून परत लावली. नवऱ्याने पुन्हा विषय काढला नाही. एकदा विचारलं असतं तर भांडता तरी आलं असतं. तो सकाळी खिडकीवर जायचा, संध्याकाळी यायचा, आणि दाढी करताना गाणं त्याने बंद केलं होतं. हे तिच्या लक्षात यायला दोन सकाळी लागल्या, आणि आल्यावर मात्र तिला घरात तेवढंच ऐकू यायला लागलं.

रविवार उजाडला. "कोणाची काही विनंती?" पाळकसाहेबांनी चष्मा वर सरकवला. माना वळल्या. भिंगरी उठली नाही. एका आजीबाईंनी गुडघ्यासाठी विनंती केली, कोणी परीक्षेसाठी. माना अजून वळलेल्याच. शेजारी नवरा बुटाच्या टोकाकडे बघत होता, आणि त्याचा हात बाकावर तिच्या हाताच्या जवळ, पण लागू न देता ठेवलेला होता.

ती उठली. पिशवी हातातच राहिली. आणि इतक्या रविवारांची सवय ती, तोंडातून आपोआप आलं, "माझ्या नवऱ्याच्या छातीसाठी..."

नवऱ्याने डोळे मिटले. पहिल्या बाकावर फोरमनचं डोकं हललं, बघा, मी म्हटलं नव्हतं, अशा अर्थाने. भिंगरीला ते हलणारं डोकं दिसलं आणि मिटलेले डोळेही दिसले.

"...आभार," ती म्हणाली. "ते बरे झालेत. केव्हाचेच झालेत. मी सांगितलं नाही, कारण मला भीती वाटायची. सांगितलं आणि ऐकलं, की देव मला सोडून जाईल असं वाटायचं."

मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं.

"विनंती माझ्यासाठी आहे. वाईट दिवसांत मला देव पुरला होता. आता चांगल्या दिवसांत पुरत नाही. सगळं मिळालंय आणि मी रोज नुसती भीत बसते. माझ्यासाठी प्रार्थना करा."

ती खाली बसली. या वेळी नीट, पाठ टेकून बसली. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. नवऱ्याचा हात आता तिच्या हातावर होता, आणि त्या दणकट हाताला दरदरून घाम फुटलेला होता.

उपासना संपल्यावर ते दोन म्हातारे मेकॅनिकपुढे येऊन उभे राहिले. "घे बाबा," एक जण बाकाकडे बोट दाखवून म्हणाला. "इतके रविवार तुझे बाक उचलून आमच्याच छातीची वाट लागली. सगळे तूच लाव आता." फोरमन दारात थांबला होता. मेकॅनिकच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "उद्या हॉस्पिटलची लिफ्ट. दोन मजल्यांच्या मधे अडकतेय. सकाळी वर चढ." मग भिंगरीकडे वळून म्हणाला, "बाई, मीही आमेन म्हटलं हं. मोठ्याने."

आता तुम्ही म्हणाल, भिंगरी बदलली. कसली बदलते! सोमवारी सकाळी तिने तीनदा मफलर पुढे केला, तीनदा त्याने खुंटीला लावला. तो गेल्यावर ती दोनदा दारापर्यंत गेली. तळघरात तिने पहिल्या चादरीची घडी उलटी घातली, आणि नणंदेने काही न बोलता ती सोडून परत घातली.

वरच्या वॉर्डांना चादरी पोचवायची वेळ झाली. दोघींनी गाडी ढकलत लिफ्टपाशी आणली. दाराला साखळी, साखळीला काम चालू असल्याची पाटी. वर कुठेतरी हातोडीचे ठोके पडत होते. मग ठोके थांबले, आणि शाफ्टमधून घुमत खाली आलं ते गाणं, नवऱ्याचं, खालच्या सुरातलं, दाढी करताना तो म्हणायचा तेच. नणंदेने तिच्याकडे बघून भुवया उडवल्या.

गाणं मधेच तुटलं. खोकला आला. एकदा, मग आणखी दोनदा, दीर्घ, विहिरीत दगड पडावा तसा घुमत.

भिंगरीचा हात गाडीच्या दांड्यावर आवळला. धूळ असेल. दोन वर्षांची धूळ आहे वर, खोकणारच माणूस. आणि धूळ नसेलही. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तोंड उघडलंच होतं तिने.

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "जिन्याने जाऊ या का? मी गाडी बघते, तुम्ही वर जाऊन..."

"नको."

"किती वेळ लागेल कोण जाणे."

"लागू दे. ते करतायत ना," भिंगरी म्हणाली. मग वर, त्या अंधाऱ्या विहिरीकडे बघत, जवळजवळ भांडल्यासारखी, ओठांतल्या ओठांत पुटपुटली, "तू आहेस ना? मग झालं."

पोटातला गोळा होता तिथेच होता. तिने गाडीतलं चादरींचं एक गाठोडं काढून भिंतीशी ठेवलं, त्यावर बसली, आणि हात मांडीवर ठेवून लिफ्टची वाट बघू लागली.